डाव्या हातातला तंबोरा

सांगलीत विश्रामबागला किंवा साताऱ्यात सदर बझारला एखाद्या ओळखीच्या घरी गेलात, तर कपाटावर नजर टाका. सुटकेस, जुना मिक्सर आणि गणपतीच्या मखराचं सामान यांच्या शेजारी एक लांबट खोकं दिसण्याची शक्यता बरीच आहे. त्यात कॅसिओ असतो. कंपनी यामाहा असली तरी घरात तो कॅसिओच. एप्रिलमध्ये सुट्टी लागली तेव्हा हौसेनं आणलेला, मे महिन्यात क्लास लावलेला, शाळा सुरू झाल्यावर आठवड्यातून दोनदा वाजलेला आणि दिवाळीनंतर खोक्यात परत गेलेला. ही पुस्तिका त्या खोक्याबद्दल आहे, आणि पाच ते दहा वर्षांच्या ज्या मुलांसाठी तो आणला होता त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

पियानो शिकवण्याची पुस्तकं बाजारात भरपूर आहेत. त्यातली बहुतेक असं गृहीत धरतात की मुलाच्या कानावर जन्मापासून चर्चचा ऑर्गन, शाळेचा कॉयर, निदान नाताळची गाणी तरी पडलेली आहेत. आपल्याकडचं मूल वेगळं ऐकत वाढतं. पहाटे आजोबांच्या मोबाइलवर अभंग, संध्याकाळी आरती, लग्नात बँड, गणपतीत ढोलताशा, टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा. त्याचा कान भरलेला असतो, पण दुसऱ्याच गोष्टींनी. त्याला कोऱ्या पाटीसारखं बसवून पहिला धडा दिला की ते दोन महिने टिकतं. मग पालक म्हणतात, मूल चंचल आहे. शिक्षक म्हणतात, सराव होत नाही. आजी म्हणते, मोबाइलनं वाटोळं केलं. तिघांचंही थोडं थोडं खरं असेल. पण रस नेमका कुठे आटतो, याची जागा मला जवळजवळ ठरलेली दिसते. ती म्हणजे डावा हात सुरू होतो ती जागा.

पहिल्या महिन्यात उजव्या हातानं एखादी आरती किंवा सिनेमातलं गाणं बसतं. घर खूश, आजीनं दृष्ट काढली. मग शिक्षक डाव्या हाताचे कॉर्ड आणतात. तीन पट्ट्या एकदम दाबायच्या, त्याही योग्य मात्रेला, आणि उजव्या हातानं गाणं चालू ठेवायचं. काल सलग वाजणारी आरती आज अडखळते. कमावलेलं डोळ्यांदेखत हातातून जातंय, असं मुलाला वाटतं. मोठ्या माणसाला पुढच्या फायद्याची गोष्ट सांगता येते. सहा वर्षांच्या मुलाला आरती आत्ता हवी असते. शिवाय डाव्या हातातून जे वाजतंय ते कशासाठी, हे त्याच्या कानाला कळत नाही, कारण घरात ऐकलेल्या संगीतात ते कुठेच नसतं. अभंगात सूर एकाच ओळीनं जातो. त्याच्या मागे असतो तो तंबोरा, टाळ, पखवाज.

आपल्या घरातलं पट्ट्यांचं वाद्य म्हणजे पेटी. हार्मोनियम युरोपातून आला तो पायानं भाता चालवायचा. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी घडवली आणि ती देशभर पसरली. या बदलानं पेटी देवळात, भजनात, माजघरात पोचली. पण डावा हात कायमचा भात्याला जुंपला गेला. संगीत नाटकांच्या कंपन्यांकडे पायाचा ऑर्गन होता, त्यावर दोन्ही हात मोकळे असत. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं, तिथल्या जुन्या रसिकांच्या कानांना ऑर्गन चांगला परिचयाचा होता. कंपन्या मोडल्या, ऑर्गन गेले, पेटी राहिली. दोन हातांनी दोन निरनिराळी कामं करायची सवय आपल्या घरगुती संगीतातून तेव्हाच उतरली असावी, असा माझा तर्क आहे.

मग करायचं काय? माझं उत्तर सांगलीहून दहा किलोमीटरवर मिळालं. मिरजेत सतारमेकर गल्लीतून जाताना भोपळ्यांच्या राशी दिसतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. त्यांच्या वंशजांच्या हातचे तंबोरे देशभरच्या मैफलींत वाजले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या मुलाच्या कानाला गाण्यामागे जर कुठली गोष्ट सवयीची असेल, तर ती हीच: सा आणि प यांचा न थांबणारा गुंजारव. तेव्हा डाव्या हाताला पहिल्या दिवसापासून तंबोऱ्याचं काम द्या. कॉर्ड नंतर. पहिल्या धड्यातच डावा हात सुरू होतो, म्हणून मध्येच येऊन तो काही मोडत नाही.

हे कसं करायचं ते पहिल्या प्रकरणात सविस्तर दिलं आहे. इथे चव घेण्यापुरतं सांगतो. पेटीवाले ज्या पद्धतीनं पट्ट्या मोजतात तीच पद्धत या पुस्तिकेत वापरली आहे: पांढरी एक ते पांढरी सात, काळी एक ते काळी पाच. मुलाला फक्त काळ्या पट्ट्या दाखवा. दोनचा घोळका, तीनचा घोळका, पुन्हा दोनचा, पुन्हा तीनचा. अक्षरओळख नसलेलं मूलही हे ओळखतं. तीनच्या घोळक्यातली पहिली ती काळी तीन, तो आपला सा. डाव्या हाताची करंगळी तिच्यावर आणि अंगठा तिच्या वरच्या काळी एकवर, तो प. सावकाश, आळीपाळीनं: सा, प, सा, प. उजवा हात वरच्या बाजूला कुठेही, पण काळ्यांवरच. आता मूल काय वाटेल ते वाजवू दे. बेसूर होतच नाही. कारण काळी तीनपासून चढत गेलं की काळ्या पट्ट्या सा रे ग प ध याच स्वरांवर पडतात, आणि हे भूप रागाचे स्वर.

आठवडाभर हे मन भरून झालं की डावा हात हलवा. उजव्या हाताच्या पट्ट्या त्याच राहतील. काळी एकला सा मानून काळी चारला प धरला, तर त्याच पाच पट्ट्यांतून दुर्गा निघतो. काळी दोनला सा आणि काळी पाचला प केला की धानी. काळी चारवरून सारंगाच्या वळणाचे स्वर मिळतात. आणि काळी पाचला सा मानलं तर मालकंस. मात्र मालकंसाला प वर्ज्य, तेव्हा तंबोऱ्यासारखंच डाव्या हातानंही प सोडून म धरायचा, म्हणजे काळी दोन. गाणारी मंडळी याला मूर्च्छना म्हणतात आणि त्यावर गंभीर चर्चा करतात. मुलाला एवढंच कळतं की खालचा हात सरकवला आणि वरचं सगळं बदललं, आधी उजेडात होतं ते अंधारात गेलं. डाव्या हाताचं महत्त्व त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ते त्याला ऐकू येतं.

इथे एक शंका नेहमी येते. तंबोऱ्याचं यंत्र आहे, मोबाइलवर ॲप आहे, मग ते लावून दोन्ही हातांनी वाजवू दे की! ॲप जरूर लावा, पण गाताना लावा. वाजवताना लावलं तर डावा हात पुन्हा रिकामा होतो आणि आपण होतो तिथेच येतो. शिवाय पियानोचा सूर तंबोऱ्यासारखा गुंजत राहत नाही, वाजला की विरू लागतो. तो विरायच्या आत पुन्हा वाजवायला हवा, आणि या एका गरजेतून लय आपोआप हाताशी येते. लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम मी मुलांना पहिलं वर्षभर दाखवत नाही.

हे सारं वाचून एखादे पियानोचे शिक्षक कपाळाला आठ्या घालतील, आणि त्यांचं एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. सा-पच्या आधारावर बाख वाजत नाही. पाश्चात्त्य संगीताचा जीव सुरांच्या एकमेकांत गुंतलेल्या ओळींत आणि बदलत्या कॉर्डांत आहे, त्याला स्टाफ नोटेशन, म्हणजे रेघांवर लिहिलेले सूर, लागतं, आणि ते कधी तरी शिकावंच लागेल. उलट बाजूनं गाणारी मंडळी म्हणतील की पट्ट्यांवर मींड येत नाही, श्रुती नीट लागत नाहीत, मुलाचा कान बिघडेल. हा आक्षेपही जुना आहे. याच कारणांसाठी आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं होतं. मला दोघांनाही एकच सांगायचं आहे: आधी मूल वाद्यापाशी टिकू दे. दोन वर्षं टिकलं तर ते कुठल्याही वाटेनं जाईल; दोन महिन्यांत उठलं तर दोघांचंही नुकसान.

आणि टिकवण्याचा हा मार्ग काही मी शोधलेला नाही. हंगेरीच्या बेला बार्टोकनं १९२६ ते १९३९ या काळात ‘मिक्रोकॉसमॉस’ नावाचे पियानोचे १५३ छोटे तुकडे रचले. त्यातले पहिले दोन भाग त्यानं आपला मुलगा पेटर याला अर्पण केले. सुरुवातीच्या तुकड्यांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात, फक्त एका सप्तकाच्या अंतरानं. डाव्याला पहिल्या पानापासून काम आहे, पण ते परकं नाही. हाच बार्टोक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन खेड्यापाड्यांतून लोकगीतं गोळा करत हिंडला होता, आणि त्याच्या मुलांसाठीच्या रचनांत त्या चालींचा वास येतो. आपल्याकडे तसा साठा शोधायला हिंडण्याचीही गरज नाही. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून फेर धरला की हादग्याची गाणी सुरू होतात. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या, एकच ओळ घोळवणाऱ्या, खिरापत ओळखेपर्यंत न संपणाऱ्या चाली. पाच बोटांसाठी याहून चांगलं पहिलं पुस्तक मला माहीत नाही. दुसऱ्या प्रकरणात त्या पट्ट्यांवर कशा बसवायच्या ते दिलं आहे, आणि तिथे एकच अट आहे: आधी गायची, मग वाजवायची. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना सॉल्फेज, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, आधी शिकवत. व्हायोलिन हाती मागून येई. त्या शाळांतून शिकलेल्या वादकांच्या हातांनी पुढे मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद उभे राहिले.

तारांचा आणि हातोड्यांचा खरा पियानो आपल्या भागात पाहायचा तर पाचगणीच्या निवासी शाळांकडे वळावं लागतं. झांझिबारहून आठ वर्षांचा फारोख बलसारा १९५४ च्या सुमारास तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथे तो पियानो शिकला, परीक्षांत चौथ्या ग्रेडपर्यंत पोचला, आणि १९५८ साली चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड काढून बसला. पुढे जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. सातारा जिल्ह्यात या गोष्टीचा अभिमान सगळ्यांना आहे. पर्यटकांना शाळेचं फाटक दाखवणारे टॅक्सीवालेही भेटतात. मला त्यातली एक बारीक बाब जास्त मोलाची वाटते. त्याच्या शाळासोबत्यांनी सांगून ठेवलं आहे की रेडिओवर ऐकलेलं गाणं तो लगेच जाऊन पियानोवर वाजवायचा. शिकवणीचा पियानो आणि रेडिओचा पियानो असे दोन पियानो त्याच्याकडे होते, आणि दुसरा त्याचा स्वतःचा होता. कित्येक घरांत पालक हा दुसरा पियानो बंद करतात: “आधी धडा वाजव, मग ती गाणी.” मी म्हणतो, निदान आठवड्यातले दोन दिवस आधी ती गाणी.

परीक्षांबद्दल मी एरवीपेक्षा सावध लिहिलं आहे. ज्या भागात संगीताच्या परीक्षा हा घरोघरचा विषय आहे, तिथे त्यांच्याविरुद्ध बोलणं सोपं नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, १९०१ साली लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि १९३१ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं तेही मिरजेतच. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याचं कार्यालय मिरजेला आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्यांनी गाणं सामान्य घरांतल्या मुलामुलींपर्यंत नेलं, हे उपकार मोठे आहेत. पियानोसाठी ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षा आहेत. ज्या मुलाला पायरी चढायला आवडते त्यानं जरूर चढावी. पण परीक्षेचे तीन तुकडे आठ महिने घोळवायचे आणि निकाल लागला की पुढच्या ग्रेडचे तीन, असं चाललं तर मुलाजवळ वाजवण्यासारखं काही साठतच नाही. चौथी-पाचवीत मग स्कॉलरशिप येते, नवोदय येते, साताऱ्याची सैनिक स्कूल खुणावते. ‘एक वर्ष क्लास बंद ठेवू’ असं ठरतं, आणि ते एक वर्ष संपत नाही. त्या वर्षात क्लास बंद करा, वाद्य झाकू नका. धडा नाही, गृहपाठ नाही, पण जेवायच्या आधी दहा मिनिटं वाटेल ते वाजवायची मुभा ठेवलेली मुलं परत येतात.

आईवडिलांवरचं प्रकरण पुस्तिकेत सर्वांत लांब आहे आणि ते वाचून काहींना राग येईल. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना बक्षीस अचानक दिलं. काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं तर बक्षिसाच्या बोलीवर काढणारी मुलं आता रंगांकडे कमी वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं असं झालं नाही. तेव्हा सराव झाल्यावर कधी न सांगता कंदी पेढा हातावर ठेवलात तर बिघडत नाही. ‘वीस मिनिटं वाजवलंस तर पेढा’ म्हणालात की पियानो ही पेढ्याची किंमत झाली.

‘काकांना वाजवून दाखव’ हे वाक्य तर मी कायद्यानं बंद केलं असतं. पाहुणे चहा पीत असतात, मूल चुकतं, सगळे हसून टाळ्या वाजवतात, आणि त्या टाळ्या खोट्या आहेत हे त्याला पुरतं कळतं. त्याऐवजी गणपतीचे दिवस वापरा. आरतीला कॅसिओ काढा. आजोबा झांज वाजवतात, मामा चढ्या पट्टीत सुरू करतो, शेवटच्या कडव्यांत लय पळू लागते, आणि मुलाला या सगळ्यांबरोबर राहावं लागतं. तिथे त्याच्याकडे कुणी बघत नसतं, पण ते थांबलं तर सर्वांना जाणवतं. वर्षभराच्या क्लासमध्ये जे येत नाही ते दहा दिवसांत दोन वेळच्या आरतीत येताना मी पाहिलं आहे. मामाची पट्टी जमत नसेल तर ट्रान्स्पोजचं बटण आहे. त्यात कमीपणा नाही.

जपानचे शिनिची सुझुकी आईनं आधी वाद्य हाती घ्यावं असं म्हणत. मूल भाषा ऐकून शिकतं, तसंच संगीतही घरात ऐकून शिकेल, हा त्यांचा विचार होता. आपल्याकडे नोकरी, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं यांतून आईनं आणखी एक विद्या शिकावी हे सांगणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ‘आईनंच’ का, हाही प्रश्न आहेच. बाबांनी काळी तीन आणि काळी एक धरून तंबोरा वाजवावा, मुलानं वर वाजवावं. त्याला विद्या लागत नाही, फक्त मोबाइल खाली ठेवावा लागतो. ऑस्ट्रेलियातले संशोधक गॅरी मॅकफर्सन यांनी वाद्य नुकतंच हाती घेणाऱ्या मुलांना विचारलं होतं, हे तू किती काळ वाजवणार आहेस. ज्यांना आपण पुष्कळ वर्षं वाजवणार असं वाटत होतं, ती मुलं तेवढ्याच सरावात इतरांपेक्षा पुढे गेली. असं वाटणं येतं ते घरातल्या बोलण्यातून. ‘बघू, जमतंय का’ हे मुलाच्या देखत बोलू नका.

वाद्य घेण्याबद्दल थोडक्यात. खेळण्यातला, बारीक पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊ नका. बोटं चुकीचं अंतर शिकतात. ६१ पट्ट्यांचा, दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा होणारा कीबोर्ड पहिल्या दोन-तीन वर्षांना पुरतो. पुढे जमलं तर ८८ जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो. तारांचा जुना पियानो स्वस्तात मिळतोय म्हणून मोहात पडू नका. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात तारा गंजतात, नमदा फुगतो, आणि सूर लावायला माणूस बाहेरून बोलवावा लागतो. कृष्णाकाठी राहत असाल तर २०१९ चा पूर आठवा आणि उचलून माडीवर नेता येईल असंच काही घ्या. खुर्चीवर बसणाऱ्या मुलाच्या लोंबत्या पायांखाली पाट द्या. जमिनीवर बसायचं असेल तर कीबोर्ड फरशीवर नको, ठेंगण्या चौरंगावर ठेवा. कोपर आणि पट्ट्या साधारण एका उंचीत आल्या पाहिजेत. आणि काही झालं तरी वाद्य खोक्यात ठेवू नका. वर एक जुनी सुती चादर टाकली तरी पुरे.

या पुस्तिकेत नसलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. स्टाफ नोटेशन इथे नाही; त्यासाठी शिक्षक हवा, आणि मूल वर्षभर टिकलं की तो जरूर शोधा. स्पर्धांची तयारी नाही. मतिमंद किंवा स्वमग्न मुलांना शिकवणं हा वेगळा आणि अधिक जबाबदारीचा विषय आहे, त्याला मी हात लावलेला नाही.

एक विनंती वाचकांना आहे. दुसऱ्या प्रकरणातल्या हादग्याच्या चाली मी सांगली, मिरज आणि तासगावकडे ऐकल्या तशा घेतल्या आहेत. जावळी, पाटण, माण-खटाव, जत, आटपाडी इथे याच गाण्यांच्या चाली निराळ्या असणार. तुमच्या आजीला, आत्याला त्या येत असतील तर मुलाला शेजारी बसवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, गावाचं नाव सांगा आणि प्रकाशकांकडे पाठवा. पुढच्या आवृत्तीत गावाच्या नावासह त्या पट्ट्यांवर उतरवून छापू.